सहा मोटरी, तीन जोडण्या: डब्ल्यूसीएम इंजिनाचं कंट्रोल सर्किट टेबलावर

मुंबई–पुणे आणि मुंबई–इगतपुरी मार्गावर १५०० व्होल्ट डीसीचं राज्य होतं, तेव्हाची डब्ल्यूसीएम इंजिनं आता धावत नाहीत. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्हींसाठी. ड्रायव्हर हँडल एकेक टप्पा (नॉच) फिरवतो तेव्हा आत नेमकं काय होतं, हे दाखवणारं चालतं मॉडेल करायचं ठरवलं. इंजिनाची बॉडी, रंग, खिडक्या यातलं काहीच नाही. फक्त सहा मोटरी, रेझिस्टन्स, कॉन्टॅक्टर (विजेच्या हुकुमावर उघडझाप करणारे मोठे स्विच) आणि हँडल. असं काही करू पाहणाऱ्याला आमच्या चुका फुकट मिळाव्यात म्हणून या नोंदी.

शनिवार, १ जून २०२४. आधी काय दाखवायचं ते

डब्ल्यूसीएम-१ ते ५ या पाच वर्गांची नावं नोंदींत पुन्हा येतील, म्हणून एकदाच मांडून ठेवतो. डब्ल्यूसीएम-१ ही इंग्लिश इलेक्ट्रिकची सात इंजिनं, १९५४-५५ मध्ये व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली. प्रत्येक बोगीत (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यात) तीन ॲक्सल आणि प्रत्येक ॲक्सलला स्वतःची मोटर ही को-को मांडणी भारतात यांच्यापासून आली. डब्ल्यूसीएम-२ ही बारा इंजिनं त्याच घराण्यातली, पण हावड्याच्या ३००० व्होल्ट डीसीसाठी आणलेली. डब्ल्यूसीएम-३ ही हिताचीची तीन, तीही ३००० व्होल्टची. डब्ल्यूसीएम-४ हिताचीचीच सात, १९६० ची, १५०० व्होल्टची. आणि डब्ल्यूसीएम-५ ही चित्तरंजनची एकवीस. त्यातलं पहिलं 'लोकमान्य', चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं विजेचं इंजिन. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ते रुळावर आलं.

या सगळ्यांमध्ये सामाईक गोष्ट एकच. सहा मोटरी तीन तऱ्हांनी जोडता येतात. सहाही एकामागे एक (सिरीज), तीन-तीनच्या दोन रांगा (सिरीज-पॅरलल), दोन-दोनच्या तीन रांगा (पॅरलल). १५०० व्होल्टवर एका मोटरीच्या वाट्याला अनुक्रमे २५०, ५०० आणि ७५० व्होल्ट येतात. आम्ही दहाव्या हिश्शाने उतरायचं ठरवलं: वरच्या तारेच्या जागी १५० व्होल्ट, मोटरीला २५, ५० आणि ७५.

३० व्होल्टवर केलं असतं तर जिवाचा धोका उरला नसता, हे खरं. पण त्या व्होल्टेजला मिळणाऱ्या छोट्या मोटरी कायम चुंबकाच्या असतात. त्यांना फील्डचं (चुंबकत्व तयार करणारं) वाइंडिंगच नसतं. मग फील्ड कमी करून वेग वाढवणं दाखवता येत नाही आणि सिरीज मोटरीचा स्वभावही दिसत नाही. शिलाई मशीनची २३० व्होल्टची मोटर खरी सिरीज मोटर (फील्ड आणि फिरता भाग एकामागे एक जोडलेली) असते आणि डीसीवर सुखाने चालते. तिच्यासाठी १५० व्होल्ट पत्करले. १५० व्होल्ट डीसी माणूस मारतं. पुढचं सगळं काम झाकण लावून आणि एक हात खिशात ठेवून करायचं आहे.

रविवार, ९ जून. सप्लाय, आणि पहिले १,३५० रुपये पाण्यात

हिशेब सोपा: ११० व्होल्ट एसी, ब्रिज रेक्टिफायर, पुढे २,२०० मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा कपॅसिटर. ११० गुणिले १.४१ म्हणजे १५५, डायोडचे दोन-एक वजा. जवळजवळ हवे तेवढेच.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, ११० व्होल्टचा 'कन्व्हर्टर' म्हणून डबा मिळाला, १,३५० रुपये. घरी आणून प्लग न लावता मल्टिमीटरने इनपुट-आउटपुटमध्ये सातत्य तपासलं तर बझर वाजला. आत ऑटो-ट्रान्सफॉर्मर, दोन्ही बाजूंना मिळून एकच वाइंडिंग. म्हणजे आमच्या १५० व्होल्टची एक बाजू थेट घरच्या मेनला बांधलेली. ही तपासणी दुकानातच दहा सेकंदांत झाली असती. डबा परत घेतला नाही.

दोन वेगळ्या वाइंडिंगचा १ केव्हीए आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला, ४,२०० रुपये आणि सहा दिवस. कपॅसिटरला आडवा (दोन टोकांमध्ये, समांतर) १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावला, नाहीतर स्विच बंद केल्यावरही तो भरलेला राहतो. यानेही व्होल्टेज १० च्या खाली यायला पूर्ण मिनिट लागतं. झाकणावर तसं लिहून चिकटवलं आहे: बंद करा, साठ मोजा, मीटर लावा, मग हात.

फ्यूज काचेचा नको. एसीसाठीची काचेची नळी डीसीवर फुटते, आत ठिणगी जळत राहते. छपरावरच्या सोलरमुळे आता १० बाय ३८ चा डीसी फ्यूज कुठेही मिळतो, ४ अँपिअरचा घेतला. सोलरचाच डीसी एमसीबीही लावला. त्यावर अधिक-उणे छापलेलं असतं ते शोभेला नसतं. उलटा जोडला तर आतलं चुंबक ठिणगीला विझवण्याच्या पट्ट्यांकडे न ढकलता उलट दिशेला ढकलतं. आमचा आधी उलटाच बसवला होता. चालू करण्याआधी दिसला, एवढंच नशीब.

शनिवार, १५ जून. मोटरी उघडणं

सहा मोटरी, ८५० रुपयांची एक. बाहेर दोनच वायर येतात. आत फील्डचं एक वेटोळं, मग आर्मेचर (फिरता भाग), मग दुसरं वेटोळं. आपल्याला चार वायर हव्यात, फील्डच्या दोन आणि आर्मेचरच्या दोन. कारण सिरीज मोटरीला अधिक-उणे उलटे दिले तरी ती त्याच दिशेने फिरते. फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. इंजिन मागे न्यायचं तर दोहोंपैकी एकच उलटावं लागतं, रिव्हर्सरचं काम तेवढंच.

ब्रश-होल्डरपाशी फील्डची जोडणी तोडायची, दोन्ही वेटोळी आपसात सिरीजमध्ये जोडायची, टोकं बाहेर. फील्डची तार केसासारखी बारीक आहे. पहिल्या मोटरीत सोल्डर गरम असतानाच ती ओढली आणि वेटोळ्याच्या मुळाशी तुटली. सातवी मोटर घ्यावी लागली. नंतर आधी बारीक लवचिक वायर सोल्डर केली, तिला दोऱ्याने वेटोळ्याशी बांधलं, वर वार्निश, आणि मग बाहेर काढली. ओढ दोऱ्यावर येते, तारेवर नाही.

मोजमाप: आर्मेचर ४६ ओहम, फील्ड २४ ओहम, मिळून ७०. सहाही मोटरी ३ ओहमच्या आत जुळतात. वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या असत्या तर जुळल्या नसत्या.

रविवार, २३ जून. एक मोटर पळाली

प्रत्येक मोटरीला वेगळी छोटी चकती लावून सहाही सिरीजमध्ये जोडल्या. १५० व्होल्ट दिल्यावर पाच मोटरी जागच्या हलल्या नाहीत आणि चौथी किंचाळत सुटली. बंद करेपर्यंत ब्रशभोवती हिरवी ठिणगी दिसू लागली होती.

हा आमचा मूर्खपणा, पण कामाचा. सिरीजमध्ये सर्वांतून करंट एकच, म्हणून ओढ सारखीच. वेगावर मात्र कुणाचं बंधन नाही. जिचं बेअरिंग सर्वांत हलकं ती आधी सुटते, तिचं बॅक-ईएमएफ (फिरत्या मोटरीत तयार होणारं उलटं व्होल्टेज) वाढतं, सगळं व्होल्टेज तीच खाते आणि बाकीच्यांना ते उरत नाही. खऱ्या इंजिनात सहा ॲक्सलना एकत्र ठेवतो तो रूळ. पावसात घाटात एका चाकाखालची पकड सुटली की हेच होतं, आणि त्यालाच व्हील-स्लिप म्हणतात.

तेव्हा रूळ बनवायला हवा. १२ मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट, चार पेडेस्टल बेअरिंग (यूसीपी २०१), शाफ्टवर १०० मिलिमीटरच्या सहा पुली, मोटरीवर २० च्या. एका टोकाला शिलाई मशीनच्या पायट्याचं बिडाचं मोठं चाक, जुन्या बाजारातून ९०० रुपयांना. ते चाक म्हणजे गाडीचं वजन. त्यावरून दोरी आणि स्प्रिंगचा काटा, म्हणजे चढ. शाफ्ट, बेअरिंग, पुली, पट्टे मिळून ४,६००. तिसऱ्या मोटरीचा पट्टा मुद्दाम सैल करता येतो, तेवढ्यापुरती आमची व्हील-स्लिप राखून ठेवली.

शाफ्ट सरळ बसवायला दोन रविवार गेले. १८ मिलिमीटरचा प्लाय पावसाळ्यात फुगतो आणि बेअरिंगची रेषा बिघडते. खाली ५० बाय २५ चा लोखंडी चौकोनी पाइप टाकला तेव्हा प्रश्न सुटला.

शनिवार, ६ जुलै. रेझिस्टन्स

खऱ्या इंजिनातली मोटर इतक्या कमी ओहमची असते की उभ्या गाडीत थेट १५०० व्होल्ट दिले तर करंट हजारो अँपिअरवर जाईल. म्हणून सुरुवातीला मध्ये रेझिस्टन्स. नॉच वाढवला की त्यातले तुकडे एकेक करून कमी होतात.

आमच्याकडे उलटंच होतं. सहा मोटरींचे मिळून स्वतःचेच ४२० ओहम. वर हिशेब न करता ४०० ओहमची रेझिस्टन्सची बँक लावली. पहिल्या नॉचला ०.१८ अँपिअर. चाक ढिम्म. सहाव्या नॉचला हललं. लहान मोटरीत व्होल्टेजच्या मानाने रेझिस्टन्स फार मोठा असतो, हे प्रमाण दहाव्या हिश्शाने उतरत नाही. शेवटी बँक २४० ओहमवर आणली. पहिल्या नॉचला ०.२३ अँपिअर, दुसऱ्याला चाक सुटतं.

तार म्हणून १,००० वॅटच्या शेगडीच्या कॉइल वापरल्या. २३० चा वर्ग भागिले १,००० म्हणजे साधारण ५३ ओहमची एक, ६० रुपयांना. पाच लागल्या.

टप्पे आधी सारखे केले, ४० ओहमचे सहा. चूक. पहिला ४० निघाला तर करंट जेमतेम सरकतो, शेवटचा निघाला तर उडी मारतो. टप्पे उतरते हवेत. आता ९०, ६०, ४०, २५, १५, १० असे आहेत. सिरीजमध्ये सगळे सहा वापरायचे, सिरीज-पॅरललमध्ये शेवटचे चार, पॅरललमध्ये शेवटचे तीन.

दुसरी चूक महाग पडली असती. बँक प्लायवर लाकडी पट्टीला बांधली होती. पॅरललमध्ये दोरीचा भार लावून मधल्या नॉचवर, म्हणजे २५ ओहम सर्किटमध्ये ठेवून, दहा मिनिटं चालवलं. दीड अँपिअर, म्हणजे अर्ध्या कॉइलमध्ये ५६ वॅट. वास आला तेव्हा प्लायला हातभर काळा डाग पडला होता. आता कॉइल चिनी मातीच्या मण्यांवर, मागे ॲस्बेस्टॉस नसलेला सिमेंट बोर्ड, खाली संगणकातला पंखा. खऱ्या इंजिनातही रेझिस्टन्सवर ब्लोअरची हवा असते, आणि मधल्या नॉचवर रेंगाळायची बंदी असते. फील्ड कमी करणं सोडलं तर राहण्यासारख्या जागा तीनच: जिथे रेझिस्टन्स पूर्ण निघालेला आहे. कर्जत–लोणावळ्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर टनामागे २७ किलोची नुसती ओढ. तिथे या जागांपैकीच एक पकडावी लागायची, मधला वेग हवा असला तरी मिळत नसे.

रविवार, १४ जुलै. रिले चिकटले

अठरा छोटे रिले, ४५ रुपयांचा एक. वर छापलेलं: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. आमचा करंट दीड. सहापट क्षमता असल्याच्या भरवशावर बसवले आणि पहिल्याच दिवशी चार वितळून चिकटले.

त्याच रिलेवर बारीक अक्षरात दुसरी ओळ असते: १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. त्यापुढच्या डीसीला काय, ते लिहिलेलंच नसतं. डेटाशीटमधला आलेख पाहिला तर १२५ व्होल्टच्या आसपास तो अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. एसीतली ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते आणि आपोआप मरते. डीसीतली मरत नाही, तिला ओढून तोडावी लागते. पुढे मोटरींच्या वाइंडिंगचा इंडक्टन्स (करंट बदलू न देण्याचा वेटोळ्याचा गुण) करंट थांबू देत नाही, तो वेगळाच.

उपाय तिन्ही लावले, एकट्याने एकही पुरला नाही.

अकरा पायांचे तीन कॉन्टॅक्टचे रिले घेतले (बेससह २८०, सोळा नग). तिन्ही कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये जोडले, म्हणजे ठिणगी तीन ठिकाणी तुटते.

प्रत्येक रिलेच्या अंगाला बाहेरून निओडिमियमचं छोटं चुंबक, ठिणगीच्या वाटेला आडवं. ठिणगीही करंटच, चुंबक तिला बाजूला फुंकतं. बाजू चुकली तर ती कॉइलकडे जाते. अंधार करून पारदर्शक झाकणातून पाहिलं आणि चुंबक उलटं केलं. खऱ्या कॉन्टॅक्टरवर जो दगडी वाटणारा आर्क-शूटचा डबा आणि ब्लो-आउट कॉइल असते, तिचं काम हेच.

रांगांना उलटा डायोड, तुटल्यावर इंडक्टन्समधल्या करंटला फिरायला वाट म्हणून.

हा दिवस वाया गेला असं म्हणवत नाही. डीसी इंजिनाचं पोट उघडलं की एवढी जागा कॉन्टॅक्टरनी का भरलेली असते, ते आम्हाला ८१० रुपयांत कळलं.

शनिवार, २७ जुलै. हँडल आणि इंटरलॉक

ड्रायव्हरच्या हातात १५०० व्होल्ट नसतात. मास्टर कंट्रोलर कमी व्होल्टेजच्या कंट्रोल वायरी जोडतो-तोडतो, आणि त्या मोठ्या कॉन्टॅक्टरना हुकूम देतात. आमचं कंट्रोल २४ व्होल्टवर, वेगळ्या सप्लायवरून. लाकडी गोल दांड्यावर प्लास्टिकच्या कॅम (स्विच दाबणाऱ्या उंचवट्यांच्या चकत्या), वीस मायक्रोस्विच.

कॅम कापताना दोन नॉचमध्ये ओव्हरलॅप ठेवला नाही. हँडल सावकाश फिरवलं तर मधल्या जागेत सगळेच रिले सुटायचे आणि गाडी हिसके द्यायची. पुढचा स्विच लागल्यावरच मागचा सुटेल असे कॅम पुन्हा कापले. मात्र जोडण्या बदलणाऱ्या रिलेंना हा नियम नेमका उलटा हवा. तिथे ओव्हरलॅप राहिला आणि सिरीजचा रिले सुटायच्या आत पॅरललचे लागले. १५० व्होल्ट थेट शॉर्ट. फ्यूज गेला, एमसीबी पडला, कुणाच्या अंगावर काही आलं नाही.

कॅमच्या भरवशावर हे सोडायचंच नाही. आता पॅरललच्या रिलेची कॉइल सिरीजच्या जोडीला ठेवलेल्या एका छोट्या रिलेच्या 'बंद' कॉन्टॅक्टमधून जाते. सिरीजला हुकूम आहे तोवर पॅरललचा लागूच शकत नाही. अशा अडवणुकीलाच इंटरलॉक म्हणतात. खऱ्या शेडमध्ये डीसी इंजिनाचा बिघाड शोधणं म्हणजे बऱ्याचदा असला एखादा इंटरलॉक घाण होऊन उघडा राहिलाय का ते पाहणं असायचं. आमच्याकडे तीन आठवड्यांत दोनदा झालं.

रविवार, ११ ऑगस्ट. जोडणी बदलताना

सर्वांत जास्त वेळ इथे गेला.

पहिला प्रयत्न: सगळं तोडा, नव्याने जोडा. ओढ शून्यावर जाते आणि परत येताना धक्का बसतो. दोन पट्टे पुलीवरून उडाले. चढावरच्या गाडीत अशाने कपलिंगवर काय येईल ते सांगायला नको.

सिरीजमधून सिरीज-पॅरललला जायला ब्रिज पद्धत केली. सहा मोटरींच्या रांगेचे १-२-३ आणि ४-५-६ असे दोन भाग, मध्ये एक दुवा. दुवा न तोडता पहिल्या भागाच्या शेवटापासून उण्याकडे एक रेझिस्टन्स आणि अधिकाकडून दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला दुसरा रेझिस्टन्स एकदम जोडायचा. दोन्ही रेझिस्टन्स बरोबर निवडले तर दुव्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. मग दुवा उघडायचा. ठिणगी नाही, धक्का नाही, आणि सहाही मोटरी पूर्ण वेळ ओढत राहतात. हिशेब: ७५ व्होल्ट, ०.२५ अँपिअर, म्हणून ३०० ओहम. बाजारात ३३० चे २५ वॅट मिळाले, चालले. मिलिअँमीटर दुव्यात लावून पाहिला तर २०-२२ मिलिअँपिअर. डोळ्यांदेखत मुकाट्याने रिले उघडतो, यासारखं समाधान या कामात दुसरं नाही.

पुढची पायरी अवघड. तीन-तीनच्या दोन रांगांतून दोन-दोनच्या तीन करायच्या, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या मोटरीला आपापल्या घरातून काढून त्यांचा नवा संसार मांडायचा. इथे ब्रिज जमत नाही. शंट पद्धत वापरली: आधी बँकेतले ५० ओहम मध्ये घालायचे, मग ३ आणि ४ या मोटरी आडव्या जोडून (दोन्ही टोकं एकमेकांना शॉर्ट करून) बाजूला काढायच्या, १-२ आणि ५-६ ओढत राहतात, तेवढ्यात ३-४ ची जोडी बांधून तिसरी रांग म्हणून लावायची. तेवढ्या वेळात तिसरा हिस्सा ओढ जाते, पण सगळी जात नाही. आडवी जोडलेली फिरती सिरीज मोटर जळेल अशी भीती होती. जळत नाही, जनरेटर व्हायला गेली की उलट्या करंटने तिचंच फील्ड पुसलं जातं.

टॅकोमीटरवर शाफ्टचा वेग, हलक्या भारात: सिरीज १४०, सिरीज-पॅरलल ४५०, पॅरलल ६८० फेरे. कागदावर १:२:३ यायला हवं होतं. मोटरींचे ७० ओहम आडवे आले, विशेषतः सिरीजमध्ये, जिथे २५ पैकी १७ व्होल्ट ते ओहमच खातात. पाहणाऱ्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर इंजिनाबद्दल गैरसमज होतो.

एवढ्या उठाठेवीचा फायदा किती? सुरुवात थेट पॅरललमध्ये केली तर तारेतून घेतलेल्या विजेतली निम्मी रेझिस्टन्समध्ये जाते. तिन्ही पायऱ्या वापरल्या तर पाव. मोटरीचा स्वतःचा रेझिस्टन्स न धरता, करंट स्थिर धरून. आमच्या बँकेचं तापमान एकाच भाराच्या पाच-पाच सुरुवातींनंतर ९६ आणि ५८ अंश.

शनिवार, २४ ऑगस्ट. मीटर आणि फील्ड

प्रत्येक मोटरीवर व्होल्टमीटर हवा होता. ९० रुपयांचे तीन वायरींचे डिजिटल मीटर सहा आणले, सर्वांना एकाच २४ व्होल्टवरून वीज दिली आणि पहिल्याच चाचणीत तीन धूर सोडून गेले. या मीटरमध्ये सप्लायचं उणं आणि मोजमापाचं उणं आतून एकच असतं. सिरीजच्या रांगेत वेगवेगळ्या ठिकाणी लावले की सगळी उणी एकत्र येऊन मोटरी शॉर्ट होतात. ५४० रुपये गेले.

जागी काट्याचे ०–१०० व्होल्टचे मीटर, ३८० चा एक. दाखवायलाही तेच बरे. तिसऱ्या मोटरीचा पट्टा सैल केला की सिरीजमध्ये तिचा काटा २५ वरून ९६ ला जातो आणि बाकी पाच खाली पडतात. लांबून, आवाज न ऐकताही, कोणतं चाक घसरलं ते दिसतं. इंजिनावरचा स्लिप-रिले मोटरींच्या व्होल्टेजमधला हाच फरक पकडतो.

फील्ड कमी करणं: पॅरललमध्ये फील्डला आडवे ४७ ओहम, फील्डमधून ६६ टक्के करंट. वेग ६८० वरून ७९०, तारेचा करंट १.०५ वरून १.३. सहज झालं असं वाटलं. मग पेंटो (इंजिनाच्या छपरावरून तारेला टेकणारा सांगाडा) तारेवरून उडाल्याची नक्कल म्हणून मेन स्विच क्षणभर उघडून लावला, तर सहाही कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) ठिणगीचं कडं. करंट परत येताना साध्या रेझिस्टन्समधून लगेच धावतो, फील्डच्या वेटोळ्यातून नाही. आर्मेचरला पूर्ण करंट आणि फील्ड जवळजवळ नाही. यातूनच फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगी कम्युटेटरभर पसरते. आडव्या वाटेतही तितकाच इंडक्टन्स हवा. ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक, ३५ ओहम, अधिक १२ ओहमचा रेझिस्टर, प्रत्येक मोटरीला एक. कडं गेलं. चोक भंगारवाल्याकडे, सहाचे मिळून १२० रुपये. इलेक्ट्रॉनिक चोक घेऊ नका, त्यात वेटोळं नसतं.

रविवार, २२ सप्टेंबर. ३००० व्होल्टची गाडी १५०० वर

गणपतीत काम बंद होतं. हवेतल्या दमटपणाने दोन मायक्रोस्विच गंजले, ते बदलले.

डब्ल्यूसीएम-२ आणि ३ हावड्यासाठी आल्या आणि थोड्याच वर्षांत तिकडे २५ केव्ही एसी आलं. तारेतली वीजच बदलल्यावर इंजिनं मुंबईकडच्या १५०० व्होल्टसाठी बदलावी लागली. 'तशीच चालवली असती तर?' हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून करून पाहिलं. ट्रान्सफॉर्मरच्या आधी व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून तार ७५ व्होल्टवर आणली, जोडण्या त्याच.

सिरीजमध्ये चाक सुटलंच नाही. मोटरीला साडेबारा व्होल्ट, करंट ०.१८ च्या वर जात नाही. हे आमच्या मोटरींचं वैगुण्य, खरं इंजिन सुटलं असतं. पॅरललमध्ये ६८० ऐवजी ३०० फेरे. ओढ तीच, कारण ओढ करंटवर. वेग मात्र निम्म्याहून खाली. ओढ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे अश्वशक्ती, ती तशीच कोसळते. म्हणून बदल लागला.

उलट प्रयोग, म्हणजे १५० च्या मांडणीला ३०० देणं, केला नाही आणि करू नये.

रविवार, ६ ऑक्टोबर. आजची स्थिती

चार महिने, एकूण खर्च ३४ हजारांच्या आसपास. त्यातले ३,५५० निव्वळ चुकांचे: ऑटो-ट्रान्सफॉर्मर, एक मोटर, छोटे रिले, डिजिटल मीटर. पुन्हा केलं तर शाफ्टचा लोखंडी पाया पहिल्या दिवशी घालू आणि रिले घेण्याआधी डीसीची ओळ वाचू.

ॲक्रिलिकच्या झाकणाला स्विच लावला आहे, झाकण उचललं की मेन पडतं. पण कपॅसिटर भरलेलाच असतो, साठ मोजायचे ते मोजायचेच. पाचव्या मोटरीचे ब्रश बाकीच्यांपेक्षा लवकर झिजताहेत. कम्युटेटरवरची अभ्रकाची पट्टी वर आली आहे, ती हॅकसॉच्या पात्याने खाली घ्यायची आहे. रिव्हर्सरच्या बारा वायरी अजून टर्मिनलवर मोकळ्याच आहेत, गाडी सध्या एकाच दिशेला जाते.